मूर्त वस्तूंच्या आधाराने अमूर्त विचार कसा घडतो

५२ मधून २७ वजा करायचे आहेत. हे गणित वहीत उभे मांडणारे मूल पहिल्याच घरात अडते, कारण दोनातून सात जात नाहीत. अशा वेळी पुष्कळ मुले सरळ अदलाबदल करतात, सातातून दोन वजा करतात आणि ३५ असे उत्तर लिहून मोकळी होतात. आता हेच गणित काड्या घेऊन करू. दहा-दहा काड्यांचे, रबर लावून बांधलेले पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवल्या आहेत आणि त्यातून २७ काड्या बाजूला काढायच्या आहेत. सात सुट्या काड्या हव्यात, पण सुट्या तर दोनच आहेत. मूल थोडे थबकते, एका गठ्ठ्याकडे पाहते, त्याचे रबर काढते, काड्या पसरतात आणि सुट्यांची संख्या बारा होते. बारांतून सात बाजूला गेल्या की पाच राहतात, उरलेल्या चार गठ्ठ्यांपैकी दोन गेले की दोन राहतात, आणि २५ हे उत्तर डोळ्यांसमोर मांडलेले असते. पाठ्यपुस्तक ज्याला 'दशक सुटा करणे' म्हणते, ती क्रिया रबर निघताना शब्दशः घडलेली असते.

काड्यांनी इथे नेमके काय केले, याचा बारकाईने विचार करण्यासारखा आहे. 'दिसले म्हणून समजले' एवढे उत्तर पुरेसे नाही. वहीत ५२ आणि २७ या दोन्ही संख्या एकाखाली एक, सारख्याच थाटात बसलेल्या असतात. त्यामुळे वरच्यातून खालचे काढायचे की खालच्यातून वरचे, हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. काड्यांच्या मांडणीत मात्र फक्त ५२ हजर असतात. २७ कुठेच मांडलेले नसतात, कारण ते करायचे काम आहे. सातातून दोन काढण्याची चूक करायची म्हटली तरी करता येत नाही, कारण ते सात तिथे नाहीतच. वस्तूंनी उत्तर सांगितले नाही, पण चुकीच्या वाटेने जाऊ दिले नाही. मूर्त वस्तूंचा सगळ्यांत मोठा उपयोग मला याच अडवण्यात दिसतो. कल्पना वाटेल तशी वाकते. वस्तू मात्र स्वतःच्या नियमांप्रमाणेच वागते.

मूर्ताकडून अमूर्ताकडे जावे, हे शिक्षणातले जुने सूत्र आहे. स्वित्झर्लंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझींनी शब्दांआधी वस्तूंचे निरीक्षण ठेवले. १८३७ साली जर्मनीतील ब्लांकेनबर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढणाऱ्या फ्रोबेल यांनी चेंडू, गोल, घन, दंडगोल आणि लाकडी ठोकळे यांचा क्रमबद्ध संच तयार केला. १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसरी यांनी जवळजवळ प्रत्येक संकल्पनेसाठी स्वतंत्र साधन घडवले. पुढे जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने ज्ञानाची तीन रूपे सांगितली: आधी कृतीतून, मग चित्रातून आणि शेवटी चिन्हातून. हा इतिहास बहुतेक शिक्षकांना ठाऊक असतो, म्हणून त्यावर अधिक रेंगाळत नाही. त्यातले एक साधन मात्र जवळून पाहू.

माँटेसरींच्या साधनांमध्ये आठ लाकडी तुकड्यांची एक पेटी असते. त्यात एक मोठा लाल घन आणि एक लहान निळा घन असतो. उरलेले सहा तुकडे चपटे किंवा लांबट असतात. त्यांपैकी तिघांच्या चौरस बाजू लाल आणि तिघांच्या निळ्या असतात, तर बाकीच्या बाजू काळ्या असतात. रंगाला रंग भिडवत गेले की आठ तुकड्यांचा एक अखंड घन तयार होतो. चार वर्षांच्या मुलासाठी हे केवळ जुळणीचे कोडे असते आणि ते कोडे म्हणूनच त्याच्यापुढे ठेवले जाते. मात्र मोठ्या घनाची बाजू 'अ' आणि लहान घनाची बाजू 'ब' मानली, तर त्या पेटीत (अ + ब)³ = अ³ + ३अ²ब + ३अब² + ब³ हे सूत्र भरलेले आहे. बीजगणित शिकताना असंख्य विद्यार्थी अ आणि ब यांच्या बेरजेचा घन म्हणजे अ³ आणि ब³ यांची बेरीज, असे लिहून जातात. ज्याने ही पेटी हाताळली आहे, त्याला त्या चुकीत काय हरवले हे बोटाने दाखवता येते: दोन्ही घन पेटीत ठेवल्यावर सहा तुकडे बाहेरच पडलेले असतात आणि पेटीत तेवढी जागा रिकामी असते. '३अ²ब' हे पद मग पाठ करायचे अक्षर राहत नाही. लाल चौरसाचे तीन तुकडे म्हणून ते ओळखीचे होते.

इथवर वाचून असे वाटेल की वस्तू हातात दिली की काम झाले. तसे होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेणे मला या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते चार वर्षांचे मूल पेटी जुळवताना बीजगणित करत नसते. सूत्र लाकडात नसते. ते लाकडाकडे पाहणाऱ्याच्या मनात असते. ज्याला सूत्र आधीच ठाऊक आहे त्याला ते लाकडात लख्ख दिसते, आणि आपल्याला इतके स्पष्ट दिसते ते शिकणाऱ्यालाही दिसत असणार, असे शिकवणारा गृहीत धरतो. ही फसगत फार सहज होते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जुडी डिलोश यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून ही अडचण उघड झाली. एका खोलीची हुबेहूब लहान प्रतिकृती तयार केली होती. खोलीत जे सामान, तेच सामान छोट्या आकारात प्रतिकृतीत, त्याच जागी. मुलाच्या देखत एक लहानसे खेळणे प्रतिकृतीतल्या छोट्या सोफ्यामागे लपवायचे आणि सांगायचे, की याचे मोठे खेळणे मोठ्या खोलीत अगदी याच जागी लपवले आहे, ते शोध. तीन वर्षांची मुले बहुतेक वेळा थेट सोफ्यामागे जात. त्यांच्यापेक्षा जेमतेम सहा महिन्यांनी लहान असलेल्या मुलांना मात्र काहीच उमगत नसे. त्यांची स्मृती चांगली होती, कारण परत प्रतिकृतीपाशी आणल्यावर छोटे खेळणे कुठे आहे ते ती बरोबर सांगत. त्यांना कळत नव्हते ते एवढेच, की ही लहान खोली त्या मोठ्या खोलीविषयी काही सांगते आहे.

डिलोश यांच्या पुढच्या प्रयोगांचे निष्कर्ष तर आपल्या समजुतींना धक्का देणारे आहेत. प्रतिकृतीला हात लावू न देता ती काचेआड ठेवली, तेव्हा अडीच वर्षांच्या मुलांची कामगिरी सुधारली. उलट, तीन वर्षांच्या मुलांना आधी काही मिनिटे प्रतिकृतीशी खेळू दिले, तर त्यांची कामगिरी घसरली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अडीच वर्षांच्या मुलांना असे पटवून दिले, की एका यंत्राने मोठी खोलीच आक्रसून लहान केली आहे. आणि तीच मुले आता खेळणे सहज शोधू लागली. कारण आता एका वस्तूने दुसरीची जागा घेण्याचा प्रश्नच उरला नव्हता. त्यांच्या दृष्टीने ही तीच खोली होती.

या सगळ्याचा अर्थ डिलोश यांनी असा लावला, की प्रतीक म्हणून वापरलेल्या प्रत्येक वस्तूकडे एकाच वेळी दोन तऱ्हांनी पाहावे लागते. ती स्वतः एक वस्तू असते आणि ती दुसऱ्या कशाची तरी खूणही असते. वस्तू जितकी आकर्षक, जितकी हाताळावीशी वाटणारी, तितके तिचे पहिले रूप मनाला खेचून घेते आणि दुसरे रूप झाकोळते. म्हणजे मूर्तपणा हा मदतनीसही आहे आणि अडथळाही.

याची प्रचिती पैशांच्या शाब्दिक उदाहरणांवर केलेल्या एका अभ्यासातही आली. २००९ साली निकोल मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मुलांना खऱ्यासारख्या दिसणाऱ्या, भरपूर तपशिलाच्या नोटा आणि नाणी दिली, तर काहींना केवळ आकडा छापलेले साधे कागद दिले. हुबेहूब नोटा हाताळणाऱ्या मुलांकडून एकूण चुका जास्त झाल्या. मात्र गणिताची मूळ कल्पनाच चुकणे हा प्रकार त्यांच्याकडून तुलनेने कमी झाला. खरी वस्तू प्रश्नाचा अर्थ लक्षात आणून देते, पण हिशेब करताना लक्ष विचलित करते, असा याचा सरळ अर्थ होतो. म्हणून मोजणीसाठी रंगीबेरंगी प्राण्यांच्या बाहुल्यांपेक्षा साधे मणी किंवा काड्या सरस ठरतात, असे माझे मत आहे. बाहुल्यांशी मूल खेळू लागते आणि संख्या मागे पडते.

पण मग वस्तू सोडून थेट चिन्हांपासूनच का सुरुवात करू नये? हाही प्रश्न गंभीरपणे विचारला गेला आहे. २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक गणिती नियम काहींना निव्वळ अमूर्त चिन्हांतून, तर काहींना मोजपात्रातल्या द्रवासारख्या ओळखीच्या उदाहरणांतून शिकवला गेला. आणि नवीन प्रसंगात तो नियम वापरण्यात चिन्हांतून शिकलेले विद्यार्थी पुढे गेले. या निष्कर्षावर नंतर आक्षेप घेतले गेले आणि त्याला मर्यादा असल्याचेही दाखवले गेले. तरीही त्यातला एक मुद्दा टिकून राहतो: उदाहरण जितके रसरशीत, तितके शिकलेले त्या उदाहरणालाच चिकटून बसण्याचा धोका मोठा. यावर अनेक अभ्यासकांनी सुचवलेला मार्ग मला पटतो. वस्तूपासून सुरुवात करावी, पण तिथेच मुक्काम करू नये. काड्यांच्या गठ्ठ्यांनंतर काड्यांचे चित्र, चित्रानंतर दहासाठी उभी रेघ आणि एकासाठी ठिपका, आणि त्यानंतर अंक, असे एकेक तपशील गळत जावे; आणि प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीशी असलेले नाते तोंडाने बोलून दाखवावे. 'मगाशी रबर काढले होते ना, तेच आपण आता या पाचाला काट मारून वर चार लिहिताना करतो आहोत,' हे वाक्य ज्या वर्गात उच्चारले जात नाही, तिथे काड्या वेगळ्या आणि वही वेगळी राहते. 'हातचा' या आपल्या शब्दातही हात शिल्लक आहे. तो मुलांना दाखवून द्यायला हवा.

मानवजातीनेही असाच प्रवास केला असावा, अशी मांडणी डेनिस श्मांट-बेसेरात या विदुषींनी केली. पश्चिम आशियात इसवी सनापूर्वी सुमारे ८००० वर्षांपासूनच्या वस्त्यांत मातीचे छोटे शंकू, गोळ्या, चकत्या सापडतात. त्यांच्या मते या हिशेबाच्या खुणा होत्या: धान्याच्या मापासाठी एक आकार, तेलाच्या भांड्यासाठी दुसरा. पाच मापांसाठी पाच खुणा ठेवायच्या. यात 'पाच' ही गोष्ट स्वतंत्रपणे कुठेच नाही. आहे ते फक्त एक, एक, एक, एक, एक. पुढे, इसवी सनापूर्वी सुमारे ३५०० वर्षांच्या आसपास, या खुणा मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून ठेवल्या जाऊ लागल्या. आत काय आहे ते गोळा फोडल्याशिवाय कळावे म्हणून ओल्या मातीवर त्याच खुणांचे ठसे उमटवले जात. ठसे बाहेरून वाचता येऊ लागल्यावर आतल्या खुणांची गरजच उरली नाही. गोळ्याची सपाट वडी झाली आणि पुढे संख्येसाठी एक चिन्ह व वस्तूसाठी दुसरे चिन्ह लिहिले जाऊ लागले. या मांडणीच्या काही भागांवर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पाच ही संख्या धान्यापासून आणि तेलापासून सुटी होणे, ही किती मोठी बौद्धिक घटना होती, हे त्या ओल्या मातीतल्या ठशांमुळे डोळ्यांपुढे उभे राहते.

वस्तूंचा आधार फक्त लहान मुलांना किंवा प्राचीन काळच्या माणसांना लागतो, ही समजूत तर मुळातच चुकीची आहे. १९५३ च्या फेब्रुवारीत केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक हे डीएनएच्या रचनेचा शोध घेत होते. रोझलिंड फ्रँकलिन आणि मॉरिस विल्किन्स यांच्या क्ष-किरण अभ्यासातून रेणूची काही मापे हाती आली होती, पण त्यातले चार नत्रयुक्त घटक एकमेकांशी कसे बसतात हे उलगडत नव्हते. त्या घटकांचे धातूचे पत्रे कार्यशाळेतून तयार होऊन येईनात, म्हणून वॉटसन यांनी जाड पुठ्ठ्याचे आकार कापले. सारख्याला सारखा जोडण्याची त्यांची आधीची कल्पना फसली होती. शिवाय पाठ्यपुस्तकांवरून घेतलेल्या आकृत्यांत हायड्रोजनचे अणू चुकीच्या जागी आहेत, असे त्यांच्याच खोलीत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू यांनी दाखवून दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल मोकळे करून वॉटसन दुरुस्त केलेले पुठ्ठे एकमेकांपाशी सरकवू लागले. तेव्हा लक्षात आले, की त्या चार घटकांपैकी ॲडेनिन आणि थायमिन यांच्या जोडीचा बाह्य आकार ग्वानिन आणि सायटोसिन यांच्या जोडीशी तंतोतंत जुळतो. दोन्ही जोड्या एकाच मापाच्या असल्यामुळे डीएनएच्या शिडीसारख्या रचनेतल्या पायऱ्या सारख्या लांबीच्या होतात, आणि एका बाजूवरून दुसरी बाजू आपोआप ठरते. आनुवंशिक माहितीची नक्कल कशी होत असावी, याचे सूचन त्या पुठ्ठ्यांच्या जुळणीतच होते. हा शोध २५ एप्रिल १९५३ रोजी 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला.

पुठ्ठ्याने इथे काड्यांचेच काम केले. आकार चुकीचे होते तोवर तो जुळला नाही, आणि डोनोह्यूंची दुरुस्ती झाल्यावर जुळला. त्यात आणखी एक गोष्ट आहे. मनातल्या मनात दोन आकार फिरवून पाहण्यापेक्षा हाताने सरकवून पाहणे कितीतरी सोपे असते, आणि सरकवताना जे शोधत नव्हतो तेही दिसून जाते. हात आधी हलतो आणि विचार त्याच्यामागून येतो, असे पुष्कळदा घडते.

गणितातले याहूनही विलक्षण उदाहरण अतिपरवलयिक भूमितीचे आहे. या भूमितीत एका रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला न छेदणाऱ्या एक नव्हे, तर अगणित रेषा काढता येतात. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याई या गणितज्ञांनी ती मांडली, पण असे प्रतल हातात धरून पाहता येईल असे टिकाऊ रूप दीर्घकाळ सापडत नव्हते. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना ताइमिन्या यांनी ते क्रोशाच्या सुईने विणले. कृती अगदी साधी आहे: प्रत्येक ओळीत ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत जायचे. टाके वाढत गेले की कापड सपाट राहू शकत नाही. त्याच्या कडेला झालरीसारख्या चुण्या पडतात. त्या कापडाला घडी घातली की घडीची रेघ म्हणजे त्या प्रतलावरची सरळ रेषा. एक घडी रंगीत दोऱ्याने शिवून ठेवायची, तिच्याबाहेरचा एक बिंदू धरायचा आणि त्यातून एकामागून एक निराळ्या घड्या घालत जायच्या. त्या एकमेकींपासून दूर-दूर जातात आणि पहिल्या रेषेला मिळत नाहीत. जे वाक्य वाचताना बुद्धीला अशक्य वाटत होते, ते बोटांना मान्य करावे लागते.

कलेत हेच नाते वेगळे वळण घेते. शिकताना वस्तूने हळूहळू पारदर्शक व्हावे, तिच्या पलीकडची संकल्पना दिसावी, अशी अपेक्षा असते. कलाकृतीत वस्तूने बाजूला होणे परवडत नाही. पिकासो यांनी १९४२ साली सायकलची बैठक आणि हँडल एवढ्या दोनच वस्तू एकत्र जोडून बैलाचे मस्तक केले. त्यात बैल स्पष्ट दिसतो, शिंगांसकट दिसतो; आणि तरीही ती सायकलची बैठकच असते. फक्त बैल दिसला असता तर ते एक साधे शिल्प ठरले असते, आणि फक्त सायकल दिसली असती तर भंगार. आनंद आहे तो दोन्ही एकदम दिसण्यात. अडीच वर्षांच्या मुलाला जे दुहेरी पाहणे जमत नव्हते, तेच इथे पाहणाऱ्याला सुखाचे होते आणि तो ते संपू देत नाही.

जोसेफ कोसुथ या अमेरिकन कलावंताने १९६५ साली एक खरी खुर्ची, त्याच खुर्चीचे त्याच जागेतले छायाचित्र आणि 'खुर्ची' या शब्दाची कोशातली व्याख्या अशा तीन गोष्टी शेजारी-शेजारी मांडल्या. ही कलाकृती नव्या जागी मांडताना खुर्ची बदलू शकते आणि तिच्यासोबत छायाचित्रही बदलते. व्याख्या आणि मांडणीची सूचना तेवढी कायम राहते. वस्तू, चित्र आणि शब्द ही ब्रूनर यांच्या क्रमाची आठवण करून देणारी मालिका आहे. मात्र इथे चढायची पायरी नाही. तिन्ही गोष्टी एकाच भिंतीपाशी उभ्या राहून 'यातली खुर्ची कोणती' असे विचारतात.

तपशील एकेक करून गळण्याचा प्रवास पाहायचा असेल, तर तो डच चित्रकार मोंद्रियान यांच्या झाडांत दिसतो. १९०८ ते १९१२ या काळात त्यांनी झाड हा विषय पुन्हा पुन्हा घेतला. सुरुवातीच्या लाल झाडात खोड, वाकलेल्या फांद्या, जमीन, सगळे ओळखू येते. १९११ च्या करड्या झाडात फांद्यांचे कंस आणि त्यांच्यामधली रिकामी जागा सारख्याच वजनाची होते. १९१२ च्या बहरलेल्या सफरचंदाच्या झाडात उरतात त्या केवळ एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा. शीर्षक वाचल्याशिवाय झाड ओळखणे कठीण जाते. त्यांच्या पुढच्या काळातल्या सरळ काळ्या रेषा आणि रंगीत चौकोन पाहून 'यात काय आहे' असे विचारणाऱ्याला ही तीन चित्रे ओळीने दाखवावीत. अमूर्त चित्र हवेतून आलेले नसते, हे त्यातून कळते. एका झाडाकडे चार-पाच वर्षे पाहिल्यावर त्याच्यातले जे टाकता आले नाही, ते तिथे उरलेले असते.

वस्तू गेल्यावर तिचे काय उरते, याचे एक दृश्य मणिचौकटीवर, म्हणजेच अबॅकसवर तयार झालेल्या मुलांमध्ये पाहायला मिळते. काही वर्षांच्या सरावानंतर ही मुले चौकट समोर नसतानाही मोठमोठ्या संख्यांची बेरीज करतात. ती अंकांची बेरीज करत नसतात. मनात उभ्या केलेल्या चौकटीवरचे मणी सरकवत असतात. सराव अजून पक्का झालेला नसेल आणि बोटे हलवू दिली नाहीत, तर त्यांचे गणित बिघडते. म्हणून त्यांना थांबवू नये. समोर रिकामे टेबल असते आणि त्यावर बोटे भरभर चालत असतात, एक मणी वर, चार खाली.